मागच्या खोलीची दक्षिण भिंत

३ सप्टेंबर १९७३, सोमवार

ही डायरी डुकरांचं खाद्य विकणाऱ्या कंपनीने फुकट दिलेली. एरवी मी हिच्यात हवा आणि कोंबड्या यांच्यापलीकडे काही लिहीत नाही. आज लिहिते, कारण कौन्सिलचं पत्र आलं. मागच्या कुरणात तीन खोल्यांचं बैठं घर बांधायची परवानगी मिळाली. विटांच्या भिंती, कोरडी जमीन, जिना नाही. अट एकच: नवं घर पुरं झालं की जुनं पाडायचं. ती अट मी तीनदा वाचली. अख्ख्या पत्रात तेवढंच वाक्य गोड होतं.

क्लेमने पत्र वाचलं, घडी घालून पाकिटात परत ठेवलं, "बरं" म्हणाला आणि डुकरांकडे गेला. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाने मोठ्या गोष्टींना "बरं" आणि लहान गोष्टींना "बघू" याखेरीज काही म्हटलेलं मला आठवत नाही.

७ सप्टेंबर, शुक्रवार

रस्त्यावर आज पुन्हा एक मोटार थांबली. लंडनचं जोडपं. त्याने घराचे फोटो काढले, ती मला म्हणाली, किती भाग्यवान तुम्ही, अशा घरात राहायला मिळतं. मी हातात राखेची बादली घेऊन उभी. म्हटलं, या आत, भाग्य जवळून बघा. आली नाही.

आत आली असती तर दाखवलं असतं. कपाट सरळ उभं राहावं म्हणून त्याच्या दोन पायांखाली तीन-तीन बोटं जाडीच्या पाचरी आहेत, कारण जमीन उतरती. स्वयंपाकघरातल्या तुळईवर माझं कपाळ दर वर्षी एकदा तरी फुटतं. मीठ ओलं, पीठ ओलं, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत अंथरूण ओलं. भिंती म्हणजे काय, तर ओकचे खांब आणि खांबांमध्ये काठ्यांचा कूड, त्यावर चिखल, पेंढा आणि शेण. माणसांनी गोठा बांधला आणि वर चुना फासून त्याला गुलाबी रंग दिला. लोक त्या रंगाचे फोटो काढतात.

१२ सप्टेंबर, बुधवार

दुपारी एक दाढीवाला तरुण दारात उभा राहिला. क्लेम माझ्या मागून म्हणाला, "पिलब्रो ना तुम्ही? या." कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या ऑफिसातला. जुन्या इमारती बघत फिरतो. म्हटलं बघ बाबा, आणखी थोडेच दिवस आहे.

तीन तास तो माळ्यावर टॉर्च घेऊन होता. उतरला तेव्हा धुराडं साफ करणाऱ्यासारखा काळा झाला होता आणि डोळे असे चमकत होते की मला वाटलं वर काही गाडलेलं सापडलं की काय. सापडली होती काजळी. वाशांवरची काजळी पाचशे वर्षांपूर्वीची म्हणे. तेव्हा धुराडं नव्हतं, मधल्या खोलीत जमिनीवर विस्तव पेटायचा आणि धूर थेट छपराला. "मिसेस गॅरड, तुम्ही कशात राहता याची तुम्हाला कल्पना नाही," म्हणाला. मी म्हटलं, मी चौतीस वर्षं ते पुसतेय, मला कल्पना आहे.

मग त्याने सांगितलं. हे घर यादीत जाणार. ऐतिहासिक इमारतींच्या. दोन आठवड्यांत नोटीस येईल आणि त्यानंतर यातली खुंटीसुद्धा कुणाला उपटता येणार नाही.

मी विचारलं, आणि माझं बैठं घर? तो कौन्सिलचा प्रश्न, म्हणाला. पण हे पाडता येणार नसेल तर ती परवानगी बहुधा राहणार नाही.

जाताना तो अंगणात उभा राहून मागच्या भागाकडे बघत होता. तो भाग सर्वांत जुना. तो नसता तर हे चारचौघांसारखं घर झालं असतं, आपण दुसऱ्यांदा वळूनही बघितलं नसतं, असं म्हणाला. वरची मागची खोली बघायची होती त्याला. मी म्हटलं, अडगळ आहे, पुन्हा कधीतरी. क्लेम तोवर निघून गेला होता.

१३ सप्टेंबर, गुरुवार

लिहिण्यासारखं काही नाही. भांडी आपटली. एक फुटलं. क्लेमच्या आईचं होतं.

१६ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये पाद्री धीराबद्दल बोलला. त्याच्या घरात गरम पाण्याचे नळ आहेत.

मागच्या खोलीबद्दल एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. जाणार नाही, पण लिहिते.

आमची हेटी बेचाळीस साली झाली. तेव्हा सासू-सासरे होते आणि पुढच्या खोल्या त्यांच्या. मुलीला दुधाच्या कोठीवरची मागची खोली मिळाली. सासरे म्हणाले, लहान मुलाला तेवढी पुरे. पूर्वेला एक तळहाताएवढी काच, बाकी अंधार. भिंतीला हात लावला की ओला व्हायचा. तिचा खोकला पहिल्या हिवाळ्यापासूनच. सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत सहा आठवडे बर्फ होतं. कुंपणं दिसत नव्हती. डॉक्टर एकदाच पोचले, शेवटचा मैल चालत. म्हणाले, हिला या खोलीतून हलवा, इथे हवाच नाही. आम्ही तिला दुसऱ्या दिवशी खाली चुलीजवळ आणलं. त्यानंतर चार दिवस होती. साडेचार वर्षांची.

या घराने मारलं तिला. हे मी तेव्हाही म्हटलं नाही, आता लिहिते. क्लेमच्या डोक्यात हे कधी आलं की नाही, देव जाणे. सव्वीस वर्षांत त्याने तिचं नाव घेतलेलं नाही. त्या खोलीत तो पाय टाकत नाही, काही ठेवायचं असलं तर पायरीवर ठेवून वळतो. पुरुषांना विसरता येतं. मला कधीकधी त्याचा हेवा वाटतो, आणि बहुतेक वेळा त्याला झाडूने बडवावंसं वाटतं.

२० सप्टेंबर, गुरुवार

क्लेमच्या कोटाचं बटण लावत होते. आतल्या खिशात कौंटीचं पत्र. "प्रिय मिस्टर गॅरड, आपलं चार तारखेचं पत्र मिळालं, आभार. आमचे मिस्टर पिलब्रो बारा तारखेला येतील."

चार तारीख. म्हणजे परवानगी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी या माणसाने बसून पत्र लिहिलं. माझ्या बहिणीला नाताळाचं कार्डसुद्धा ज्याने कधी लिहिलं नाही, त्याने.

कोट घेऊन मी डुकरांच्या खोपटात गेले. पत्र त्याच्यासमोर धरलं. त्याने फावडं ठेवलं नाही.

"कशाला केलंस हे?"

त्याने आणखी दोन फावडी घाण ओढली. मग म्हणाला, "ती दुसरीकडे कुठे राहिलीच नाही ना, म्यूरी. हे गेलं तर ती कुठेच राहिली नाही असं होईल."

दुसऱ्या कुणी बाईने हे ऐकून डोळे पुसले असते. मी इतकी संतापले की कानात आवाज येऊ लागला. सव्वीस वर्षं मी एकटी त्या मुलीचे वाढदिवस मोजतेय, आणि याने तिच्याबद्दलचं पहिलं वाक्य काढलं ते माझं घर हिरावल्यावर. मी म्हटलं, ज्याने तिला मारलं त्याला तू रंगरंगोटी करून जपणार, आणि सरकारकडून त्याला पाटी लावून घेणार. मी कोट तिथेच घाणीत टाकला. बटण अर्धंच लागलं होतं.

२२ सप्टेंबर, शनिवार

बोलणं बंद. जेवण टेबलावर ठेवते आणि मी उभ्याने खाते.

सकाळी सायकल काढून पर्सी थर्लोकडे गेले. पर्सी आणि मी एका वर्गात होतो. आता त्याच्याकडे साखळीपट्ट्याचा मोठा ट्रॅक्टर आहे, या भागातली निम्मी कुंपणं आणि झाडं त्यानेच उपटलीत. मी म्हटलं, मंगळवारी क्लेम इप्सविचच्या बाजारात असतो. तेव्हा ये आणि मागचा भाग तेवढा ओढून पाड. तो भाग नसला की या घराकडे कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही, असं त्या दाढीवाल्यानेच सांगितलंय.

पर्सीने टोपी मागेपुढे केली. क्लेमला माहीत आहे का, विचारलं.

"क्लेमने मला विचारून पत्र लिहिलं होतं?"

त्याला कुठलं पत्र ते कळलं नाही, पण चेहरा कळला असावा. नोटीस आली आहे का एवढंच त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, मग घर तुमचं आहे. येतो.

२५ सप्टेंबर, मंगळवार

सगळं लिहिते.

नऊला पर्सी आला. खालची दुधाची कोठी मी कालच रिकामी केली होती. वरच्या खोलीतली अडगळही काढली होती, पलंग तर मी हेटी गेली तेव्हाच देऊन टाकला होता. त्याने कोपऱ्यातल्या खांबाला साखळी घातली, मला विहिरीपलीकडे उभं केलं आणि ट्रॅक्टर पुढे काढला.

साखळी ताठ झाली. घराने आवाज केला. मोडण्याचा नाही, गाभण गाय उठताना करते तसा. दक्षिणेच्या भिंतीवरचा गिलावा आडवा फाटला आणि चादर घसरावी तसा खाली आला, त्यामागून कूड, काठ्या, चिखल, पेंढा. एवढी धूळ की पर्सी दिसेना. मला वाटलं, झालं. मी हसले. हो, हसले.

धूळ बसली. खांब उभे होते. सगळे. आडव्या तुळया जागच्या जागी, कोपऱ्यातले तिरके टेके जागच्या जागी. पर्सीने पुन्हा ओढलं. अख्खा सांगाडा हातभर कलला आणि साखळी सैल होताच परत सरळ झाला. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा साखळीचा आकडा उघडला.

पर्सी खाली उतरून बघत राहिला. म्हणाला, "दोनशे वर्षांची एल्मची झाडं मी सकाळच्या चहाच्या आत उपटलीत, म्यूरिएल. पण हे वेगळं आहे. यात एक खिळा नाही. प्रत्येक लाकडाने दुसऱ्याला धरून ठेवलंय, एकाला ओढलं की बाकीचे त्याला सोडत नाहीत. आधी टेके कापावे लागतील."

मी म्हटलं, मग करवत आण. तो यंत्राची करवत आणायला गेला.

तो येईपर्यंत किती शिल्लक आहे बघावं म्हणून मी वर गेले. खोलीत ऊन होतं. चौतीस वर्षांत त्या खोलीत मी कधी ऊन बघितलं नव्हतं. फळ्या मधाच्या रंगाच्या निघाल्या. मला त्या नेहमी काळ्याच वाटल्या होत्या. कूड सगळीकडचा पडला होता, फक्त मधल्या दोन खांबांमधलं काही पडलं नव्हतं, ते फाटून लोंबत होतं. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि तिला चिकटलेलं सिमेंट. त्याच्या वरच्या तुळईत खालच्या बाजूने भोकं होती. सात. ओळीत, सारख्या अंतरावर, कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनासारखी. कशाची ते मला कळलं नाही. पण कुणीतरी मोजून, नीट, छिन्नीने पाडलेली. मी फळ्यांवर बसले. उठवेना.

पर्सीने खालून हाक मारली. मी त्याला घरी जा म्हटलं. उद्या येऊ का, विचारलं त्याने. माहीत नाही म्हटलं.

चारला क्लेम आला. अंगणात उभा राहून त्याने उघडी भिंत बघितली. मी स्वयंपाकघराच्या दारात तयारीत उभी होते. एका शब्दाने तरी ओरडेल असं वाटलं होतं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. तो वळून डुकरांकडे गेला. त्याने मला शिवी दिली असती तर मी आज त्याच्याशी बोलले असते.

२७ सप्टेंबर, गुरुवार

पिलब्रो नोटीस घेऊन आला. भिंत बघून ओरडायला लागला. हे रानटीपण आहे, असं म्हणाला. मी त्याला म्हटलं, ओरडायचं तर वर चल आणि तिथे ओरड, मला काहीतरी विचारायचं आहे. क्लेम अंगणात होता, त्यालाही ऐकू गेलं.

वर आल्यावर पिलब्रोने तुळईकडे बघितलं आणि ओरडायचं विसरून गेला. त्या भोकांमध्ये बोट घातलं. खिडकी, म्हणाला. या सात भोकांत ओकचे सात गज उभे होते, आणि ही खाच सरकत्या झडपेची. दोन खांबांमधली अख्खी जागा खिडकी होती. दक्षिणेकडे तोंड करून. "घरातली सर्वांत उजेडाची खोली ही. कामाला बसायची असणार. बांधणाऱ्यांनी मुद्दाम अशी ठेवली."

मी विचारलं, बुजवली कधी?

त्याने जाळी उचलून बघितली, सिमेंटचा तुकडा बोटांनी चुरला. हे जुनं नाही, म्हणाला. चाळीसेक वर्षं झाली असतील.

"एकतीस साली," जिन्यातून क्लेम म्हणाला. तो वरच्या पायरीवर उभा होता, खोलीच्या बाहेर. "ऑक्टोबरात. वडिलांना सफरचंदं ठेवायला अंधार हवा होता. माल मी कालवला. सोळाचा होतो."

मी पिलब्रोला खाली जायला सांगितलं. तो गेला. बिचारा अंग चोरून क्लेमच्या बाजूने गेला.

मी विचारलं, "हेटीला इथे ठेवलं तेव्हा तुला माहीत होतं की इथे खिडकी आहे?"

"हो."

"आणि डॉक्टर म्हणाले इथे हवा नाही, तेव्हा?"

त्याने चौकटीला हात धरला. "त्याच रात्री कुदळ घेऊन आलो होतो, म्यूरी. भिंतीपर्यंत आलो. ती झोपली होती. चार दिवसांत पहिल्यांदा नीट झोपली होती. म्हटलं, आवाजाने उठेल. सकाळी फोडू. सकाळी तू तिला खाली नेलंस."

मी काय म्हटलं ते लिहीत नाही. बरंच काही म्हटलं. त्याने एकदाही मान वर केली नाही आणि तो गेलाही नाही. शेवटी माझा आवाज बसला.

३० सप्टेंबर, रविवार

चर्च सुटल्यावर सासऱ्याच्या कबरीपाशी गेले आणि जे बोलायचं होतं ते मोठ्याने बोलले. पाद्र्याची बायको शेजारी फुलं ठेवत होती. तिने सगळं ऐकलं, सफरचंदांसकट. ऐकू दे.

घरावर रागावणं सोपं होतं. घर परत उत्तर देत नव्हतं. आता मला कळतं की पाचशे वर्षांपूर्वी कुणा अडाणी सुताराने त्या खोलीत ऊन ठेवलं होतं, आणि आम्ही गॅरडांनी ते जाळी लावून बंद केलं. आम्ही असं लिहिलं. मी तेव्हा इथे नव्हते. पण पाच वर्षं मी त्याच भिंतीला पाठ लावून तिला गोष्टी सांगितल्या आणि ओलं लागलं तेव्हा पाठीशी उशी घेतली. टकटक करून बघायचं कधी सुचलं नाही मला.

९ ऑक्टोबर, मंगळवार

कौन्सिलचं पत्र. जुनं घर पाडता येत नसल्याने नव्याची परवानगी रद्द. वाचून चुलीत टाकलं.

पिलब्रो आला होता. भिंत पूर्वीसारखी करावी लागेल, म्हणाला, आणि तो सुतार देईल. मी विचारलं, पूर्वीसारखी म्हणजे कुणाच्या पूर्वी? तिथे खिडकी होईल, नाहीतर मी पर्सीला बोलावते, मग तुरुंगात टाका. तो म्हणाला, खिडकी करता येईल, पुरावा आहे, पण मुळात काच नव्हती. मी म्हटलं, मुळात काय नव्हतं ते मला शिकवू नकोस. काच लागेल. आणि उघडता येईल अशी लागेल. त्याने वहीत लिहून घेतलं. तसा मुलगा वाईट नाही.

क्लेमशी कामापुरतं बोलते. तो आता कोठीत झोपतो, ताडपत्री लावून. मी सांगितलेलं नाही.

१७ नोव्हेंबर, शनिवार

सुतार काल गेला. सात गज, ओकचे, नवे म्हणून अजून पिवळे. त्यांच्या आत काच. कूडही नवा, त्यात एक चिमूट सिमेंट नाही, मी तीन दिवस तिथेच खुर्ची टाकून बसले होते.

क्लेम पूर्ण काम होईस्तोवर वर आला नव्हता. चुना तयार करून जिन्याखाली ठेवायचा. आज दुपारी जेवण झाल्यावर मी त्याला म्हटलं, चल.

तो पायरीवर थांबला. मी म्हटलं, तिथे नाही. आत.

आला. बूट काढून आला, कोण जाणे का. ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत पोचलं होतं, नोव्हेंबरचं खाली उतरलेलं ऊन, आणि सात गजांच्या सावल्या फळ्यांवर. पलंग जिथे होता तिथे मी त्याला उभं केलं. त्याच्या छातीपर्यंत ऊन आलं.

"बघ," मी म्हटलं. "एवढं होतं. नीट बघ."

तो बघत राहिला. मग म्हणाला, "हेटीला इथे गरम झालं असतं."

मी हो म्हटलं. झालं असतं.

मला त्याची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, आली नाही. ऊन फळ्यांवरून सरकून भिंतीच्या कडेला जाईपर्यंत, पाऊण तास तरी, मी त्याला तिथून हलू दिलं नाही. त्याने एकदाही जाऊ का म्हणून विचारलं नाही. शेवटचा पट्टा गेल्यावर माझे गुडघे इतके आखडले होते की जिना उतरायला मला त्याचा दंड धरावा लागला. तेव्हा लक्षात आलं की इतका वेळ मीही उभीच होते.